मुले दूर गेल्यावरचे दोघे : ख्रिस्ती घरात सोबत कशी जपावी

नागपुरातील ख्रिस्ती घरांत लग्नाला तीस-पस्तीस वर्षे झालेली जोडपी बहुधा एकाच टप्प्यावर येऊन पोहोचतात. रेल्वेतून, शाळेतून, सरकारी कार्यालयातून किंवा मिशनच्या दवाखान्यातून निवृत्ती झालेली असते. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला किंवा त्याहूनही लांब असते. आणि सदर, मेकोसाबाग किंवा जरीपटक्याच्या घरात सकाळचा चहा दोनच कपांचा टाकावा लागतो. रविवारची उपासना चुकत नाही, महिला मंडळ चालू असते, कॉटेज मीटिंग, म्हणजे कोणाच्या घरी भरणारी प्रार्थनासभा, असली की सतरंज्या घालायला हेच दोघे पुढे असतात. तरीही घरी परतल्यावर त्यांना एकमेकांशी बोलायला विषय सापडत नाही, कारण इतकी वर्षे जे बोलणे झाले ते मुलांची फी, सासूबाईंचे पथ्य, घराचे हप्ते आणि गावाकडच्या शेताची वाटणी यांच्याभोवतीच झाले. ती कामे संपली आणि त्यांच्याबरोबर बोलणेही आटले.

हे मार्गदर्शन अशा जोडप्यांसाठी आहे. मंडळीत एका बाकावर बसल्याने सोबत आपोआप होत नाही, हे ते अनुभवाने जाणतात. माझे म्हणणे असे की, प्रार्थना, पापांगीकार, क्षमा आणि सेवा या ज्या गोष्टी आपण शंभर माणसांत करतो, त्याच दोन माणसांपुरत्या लहान करून घरात आणल्या पाहिजेत. मलाखी संदेष्टा पत्नीला सहचारिणी म्हणतो आणि परमेश्वर त्या कराराचा साक्षी आहे असे सांगतो. हे शब्द तो तरुणपणी केलेल्या आणि आता जुन्या झालेल्या लग्नाविषयीच बोलत आहे, ही गोष्ट वाचताना अनेकदा निसटून जाते.

प्रार्थना दोघांची कशी करावी

पुष्कळ घरांत कौटुंबिक प्रार्थना मुले लहान असताना होत होती. संध्याकाळी दिवे लागले की सगळे बसत, वडील शास्त्रवाचन करीत, मुले प्रभूची प्रार्थना म्हणत. मुले गेली आणि ती रीतही गेली. आता नवरा पहाटे व्हरांड्यात एकटा बायबल वाचतो आणि बायको दुपारी मोबाइलवर संदेश ऐकते. दोघांचीही भक्ती खरी असते, पण ती दोन वेगळ्या खोल्यांत चालते. तेव्हा पहिले काम एवढेच की दिवसातली दहा मिनिटे दोघांची म्हणून ठरवावीत. दहा मिनिटांपेक्षा जास्त ठरवू नयेत, असे मी मुद्दाम सुचवतो; अर्ध्या तासाचा संकल्प पहिल्या पाहुण्याबरोबर मोडतो.

वेळ निवडताना ऋतूचा विचार करावा. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे साडेपाच-सहाची गार वेळ बरी. दुपारी कूलरच्या घरघरीत एकमेकांचा शब्द ऐकू येत नाही आणि मोठ्याने केलेली प्रार्थना भांडणासारखी वाटते. हिवाळ्यात रात्रीचे जेवण आटोपल्यानंतर, टीव्ही लावण्याच्या आधी बसावे. टीव्ही बंद करून बसू असे म्हणणाऱ्यांचे सहसा जमत नाही, कारण एकदा मालिका सुरू झाली की तिला मध्येच थांबवणाऱ्यावर दुसऱ्याचा राग असतो.

वाचनासाठी स्तोत्रसंहितेपासून आरंभ करावा. स्तोत्रे १५० आहेत. रोज एक घेतले तर पाच महिन्यांत संहिता पूर्ण होते, आणि ११९ वे स्तोत्र १७६ वचनांचे असल्यामुळे त्याचे आठ-आठ वचनांचे जे बावीस भाग आहेत त्यांतले एक-दोन रोज घ्यावेत. एक वचन एकाने आणि पुढचे दुसऱ्याने, असे आळीपाळीने वाचावे. स्तोत्रांच्या ओळी बहुधा जोडीनेच येतात, पहिली जे सांगते तेच दुसरी वेगळ्या शब्दांत सांगते, म्हणून दोन आवाजांत ती फार चांगली वाचली जातात. वय झालेल्यांनी ७१ वे स्तोत्र सावकाश वाचावे. म्हातारपणी मला टाकून देऊ नकोस, ही विनवणी त्यात आहे, आणि ती आपण देवाला करतो तेव्हा शेजारी बसलेले माणूसही ती ऐकत असते. दृष्टी कमी झाली असेल तर मोठ्या टाइपाची प्रत घ्यावी. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने नुसते ऐकायचे, ही सोय शेवटची समजावी.

वाचनानंतर प्रार्थना. येथे एक अडचण येते, तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण अनेक घरांत दोघांची प्रार्थना सुरू होऊन महिनाभरात बंद पडते ती याच कारणाने. ते कारण म्हणजे प्रार्थनेतला टोमणा. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आवाज नम्र, आणि शब्द असे: ‘‘हे प्रभू, या घरात गोळ्या वेळेवर घेण्याची आठवण ज्यांना राहत नाही त्यांना ती दे.’’ त्यावर दुसऱ्या बाजूने तितक्याच नम्रतेने येते: ‘‘आणि बापा, जिभेवर ताबा ठेवण्याचे सामर्थ्य तुझ्या दासीला दे.’’ दोघेही आमेन म्हणतात आणि पुढचे दोन तास कोणी कोणाशी बोलत नाही. देवासमोर केलेल्या तक्रारीला समोरच्याला उत्तर देता येत नाही, त्यामुळे ती साध्या भांडणापेक्षा जास्त झोंबते. जोडीदाराला सुधारण्याची विनंती पाळकांकडे करावी, मित्राकडे करावी, एकांतातल्या प्रार्थनेत तर जरूर करावी. दोघांच्या प्रार्थनेत ती करू नये.

त्यासाठी एक साधा नियम पाळता येतो. प्रार्थनेच्या आधी एकमेकांना विचारावे, ‘‘आज तुमच्यासाठी काय मागू?’’ किंवा ‘‘तुझ्यासाठी काय मागू?’’ जे सांगितले असेल तेच, त्याच शब्दांत मागावे, आपली भर घालू नये. गुडघ्याचे दुखणे सांगितले असेल तर गुडघ्यासाठी मागावे. गुडघा दुखतो तो चालायला न गेल्यामुळे, हे निदान परमेश्वराला कळवण्याची आवश्यकता नाही. त्याखेरीज दिवसभरात जोडीदाराने केलेल्या एका कामाबद्दल नाव घेऊन आभार मानावेत. ‘‘कुटुंबासाठी धन्यवाद’’ असे मोघम म्हणू नये. ‘‘आज भर उन्हात इतवारीत जाऊन तिने माझा चश्मा दुरुस्त करून आणला, त्याबद्दल मी तुझे उपकार मानतो’’ असे म्हणावे. चाळीस वर्षांत तोंडावर कधी आभार न मानलेल्या पुरुषालाही हे वाक्य देवाला उद्देशून म्हणताना संकोच कमी वाटतो, आणि जिला ते पोहोचायचे तिला ते पोहोचतेच.

मोठ्याने प्रार्थना करणे सर्वांना जमत नाही. आपल्या मंडळ्यांत स्त्रियांना महिला मंडळामुळे त्याची सवय असते, पुरुष पुष्कळदा गप्प राहतात, आणि ही शांतता अश्रद्धेची खूण मानण्याची चूक बायका करतात. अशा वेळी शब्द तयार असलेली प्रार्थना घ्यावी. प्रभूची प्रार्थना आहे, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातील पाठ असलेले गीत आहे, उपासनेतील कलेक्ट, म्हणजे त्या दिवसासाठी ठरलेली छोटी प्रार्थना, आहे. कॅथलिक घरांत तर ही सोय आधीपासूनच आहे: रोझरीतल्या प्रत्येक ‘नमो मरिया’चे दोन भाग असतात, पहिला एकाने म्हणावा आणि दुसरा उरलेल्यांनी, त्यामुळे दोन माणसांत ती अगदी नेमकी बसते. पाचही दशके, म्हणजे दहा-दहा ‘नमो मरियां’चे पाच गट, एका बैठकीत झेपत नसतील तर एक दशक म्हणावे आणि उठावे.

भांडण आणि सूर्यास्त

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल लिहितो की सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडून द्यावा. हे वचन लग्नाच्या उपदेशात इतक्या वेळा ऐकवले जाते की ते कसे पाळायचे हे कोणी विचारतच नाही. जुन्या संसारातली भांडणे एका दिवसात मिटण्यासारखी नसतात. दिराला न विचारता दिलेले पैसे, विकून टाकलेला प्लॉट, बाळंतपणात आईकडे जाऊ न दिल्याची गोष्ट, ही तीस वर्षांची येणी असतात आणि ती एका संध्याकाळी फिटत नाहीत. पौलाने वाद मिटवायला सांगितलेले नाही. त्याने राग खाली ठेवायला सांगितला आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळले की वचन पाळणे शक्य होते. ‘‘हा विषय संपलेला नाही, शनिवारी सकाळी यावर बोलू, पण आता जेवून घेऊ’’ असे म्हणता आले तर त्या दिवसापुरते वचन पाळले गेले. मात्र शनिवारी खरोखर बोलावे. पुढे ढकललेला विषय पुन्हा पुन्हा पुढे ढकलणे, यात शिताफी आहे, क्षमा नाही.

क्षमा मागताना केलेल्या कृतीचे नाव घ्यावे. उपासनेतला पापांगीकार अनेकवचनी असतो. आम्ही चुकलो, आम्ही भटकलो, असे आपण सर्व जण मिळून म्हणतो आणि ते योग्यच आहे. घरात मात्र ‘‘आपल्या दोघांचेही चुकले’’ हे वाक्य पळवाटेसारखे वापरले जाते. तेथे एकवचन लागते: ‘‘पाहुण्यांसमोर तुझ्या माहेरची मी थट्टा केली, ते मी करायला नको होते.’’ एवढे बोलून थांबावे. ‘‘पण तूही’’ या शब्दांनी पुढचे वाक्य सुरू होणार असेल तर ते दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावे.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीजवळ अर्पण घेऊन गेल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. ज्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते तेथील जोडप्यांनी त्या आधीच्या शनिवारची संध्याकाळ यासाठी ठेवावी. फार मोठी चर्चा नको. या महिन्यात माझे काही लागले का, एवढे विचारावे आणि उत्तर मिळाल्यावर स्वतःचे समर्थन करू नये. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये शक्यतो शेजारी बसावे. आपल्याकडे अनेक ठिकाणी पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसण्याची जुनी रीत आहे, आणि शांतीचे अभिवादन करताना माणूस सगळ्यांशी हात मिळवतो, घरच्या माणसाशी तेवढे राहून जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मारहाण, धमकी, पैसे अडवून ठेवणे, औषधोपचार नाकारणे हे भांडणात मोडत नाही आणि क्षमेच्या उपदेशाने ते सोसायचे नसते. पेत्राच्या पहिल्या पत्रात पतींना बजावले आहे की पत्नीला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येणार नाही. पत्नीला न मानणाऱ्याची प्रार्थनाच अडते, असा त्याचा रोख आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा ख्रिस्ती स्त्रियांनाही लागू आहे, आणि त्याचा आधार घेण्याने लग्नाची शपथ मोडत नाही. ‘‘वयाच्या साठीत आता कुठे तक्रार करायची’’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचे ऐकू नये.

दोघांची श्रद्धा एका वेगाने चालत नाही तेव्हा

दीर्घ संसारात श्रद्धेचे वेग बदलतात. निवृत्तीनंतर एकाला एखाद्या नव्या संगतीची ओढ लागते. तेथे टाळ्या वाजवून भक्ती होते, उपवास-प्रार्थना रात्रभर चालतात, आणि आजवरची आपली उपासना त्याला थंड वाटू लागते. दुसऱ्याला आई-वडिलांच्या चर्चमधला बाक सोडवत नाही. काही घरांत एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट असतो, आणि मुले लहान असताना दबलेला प्रश्न आता वर येतो. काही घरांत एकाची श्रद्धाच कोमेजते, विशेषतः एखादे मूल गेल्यावर.

मराठी ख्रिस्ती माणसाला अशा वेळी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची आठवण व्हावी हे साहजिक आहे, आणि नागपूरकराला थोडी अधिकच, कारण त्या कथेची एक महत्त्वाची घटना इथून निघालेल्या गाडीत घडली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी टिळकांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नवा करार दिला. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो धक्का पेलवला नाही. त्यानंतर सुमारे पाच वर्षे दोघे वेगळे राहिले, आणि पुन्हा एकत्र आल्यावर, स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी, १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. सोवळेओवळे त्यांच्या मनातून कोणाच्या आग्रहाने गेले नाही. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य अपुरे होते, आणि ते पुढे नेण्याचे काम त्याच लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. टिळकांची पहिली वर्षे नवऱ्याने कसे वागावे याचा धडा आहेत असे मला वाटत नाही. घरात न सांगता घेतलेल्या निर्णयाची किंमत बायको आणि मूल यांनी मोजली. पण नंतर त्यांनी थांबायचे शिकले, आणि आजच्या जोडप्यांनी घ्यावे ते त्यांचे हे थांबणे.

व्यवहारात याचा अर्थ असा. नव्या संगतीला जाणाऱ्याने जोडीदाराच्या उपासनेला नावे ठेवू नयेत आणि महिन्यातून एक-दोन रविवार तरी जुन्या बाकावर शेजारी बसावे. मागे राहिलेल्याने ‘‘तिकडे काय ते नाचतात’’ असे मुलांना फोनवर सांगू नये. दशांश कोठे द्यायचा यावरून वाद होतो. तो दोघांनी मिळून वाटून द्यावा आणि चिठ्ठीवर लिहून ठेवावा. ज्याची श्रद्धा कोमेजली आहे त्याला वचनांचा मारा करू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते तोपर्यंत त्यांचे सगळे ठीक चालले होते. तोंड उघडले आणि बिघडले. अशा काळात दोघांची दहा मिनिटे चालू ठेवावीत, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने नुसते बसावे, आणि त्यावर भाष्य करू नये.

निरनिराळ्या परंपरांतील जोडप्यांनी निराश होण्याचे कारण नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात झाली. तीत सहा मंडळ्या एकत्र आल्या, त्यांतल्या काही बालकांना बाप्तिस्मा देणाऱ्या आणि काही केवळ प्रौढांना देणाऱ्या होत्या, आणि एक होताना दोन्ही रीती मान्य करण्यात आल्या. त्या ऐक्याची बोलणी १९२९ पासून चालू होती. एवढ्या विद्वान बिशपांना आणि पाळकांना चाळीस वर्षे लागली, तर एका नवराबायकोने दोन-चार वर्षे वाट पाहण्यात कमीपणा नाही.

एकत्र काम, एकत्र विसावा

अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे नव्या करारात सहा ठिकाणी येते आणि प्रत्येक ठिकाणी दोघांची नावे बरोबरच येतात. दोघे तंबू करीत, पौलाला त्यांनी घरी ठेवून घेतले, आणि अपुल्लोसासारख्या विद्वान उपदेशकाला दोघांनी मिळून मार्ग समजावून दिला. निवृत्त जोडप्यांनी असे एखादे काम शोधावे जे दोघांनी बरोबर जाऊनच करायचे. घरात पडून असलेल्या वृद्ध सभासदाला भेटणे, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, बाहेरगावच्या रुग्णाबरोबर बसलेल्या नातेवाइकाला डबा नेऊन देणे, नव्या लग्नाच्या जोडप्याला महिन्यातून एकदा जेवायला बोलावणे, यांपैकी कोणतेही चालेल. भेटीला गेल्यावर एकाने बोलावे, दुसऱ्याने प्रार्थना करावी, आणि परत येताना त्या घराविषयी आपसांत बोलावे. बोलायला विषय नाही ही तक्रार अशाने जितकी लवकर दूर होते तितकी दुसऱ्या कशाने होत नाही.

समित्यांपासून मात्र सांभाळावे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीने किती घरांत अबोला आणला आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. निवृत्त माणसाला पद मिळाले की तो सकाळी फाइल घेऊन बाहेर पडतो आणि रात्री चर्चच्या जमिनीचा वाद घेऊन घरी येतो. बायकोच्या दृष्टीने त्याची नोकरी सुटलेलीच नसते. पद घेण्याआधी जोडीदाराला विचारावे, आणि नकार मिळाला तर तो प्रभूकडून आला आहे अशी शक्यता निदान गृहीत धरावी.

विसाव्याबद्दल थोडेच सांगतो. रविवारची दुपार दोघांची ठेवावी. हिवाळ्यात सेमिनरी हिल्सवर सावकाश चालावे, फुटाळ्याच्या काठी बसावे, येताना तर्री-पोहे खावेत; डॉक्टरांनी तर्री बंद केली असेल तर नुसते पोहे. नाताळच्या करंज्या दोघांनी मिळून कराव्यात, पुरुषांनी सारण भरावे आणि कडा दाबाव्यात. पहिल्या वर्षी निम्म्या करंज्या तेलात फुटतात, त्यावरून बोलू नये.

शरीर, आजार आणि सेवाशुश्रूषा

लग्नाच्या वेळी आपण आजारात आणि आरोग्यात साथ देण्याचे वचन दिले तेव्हा आजार म्हणजे काय हे आपल्याला कळत नव्हते. साठीनंतर त्या वचनाला मधुमेह, गुडघे, मोतीबिंदू अशी नावे मिळतात. एका दुखण्याकडे विशेष लक्ष वेधतो, कारण त्याला दुखणे कोणी म्हणतच नाही: ऐकू कमी येणे. पतीला ऐकू येत नाही, पत्नीला वाटते तो मुद्दाम दुर्लक्ष करतो. ती आवाज चढवते, त्याला वाटते ती रागावली. वर्षानुवर्षे चाललेला हा गैरसमज स्वभावाच्या नावावर जमा होतो. संदेश ऐकताना माणूस पुढे वाकत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, उपासनेत गीताचा क्रमांक शेजाऱ्याला विचारत असेल, तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी. श्रवणयंत्राची लाज बाळगू नये. चश्म्याची आपण कधी बाळगली नाही.

स्पर्शाविषयी मंडळीत बोलले जात नाही, पण शास्त्र संकोच करीत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो की पतिपत्नींनी एकमेकांना वंचित करू नये. केलेच तर परस्परसंमतीने, प्रार्थनेसाठी, थोड्या काळापुरते. वयानुसार शरीरसंबंध कमी झाला तरी हात धरणे, पाठीला तेल लावून देणे, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणे थांबण्याचे कारण नाही. ‘‘या वयात लोक काय म्हणतील’’ हा प्रश्न घराच्या आत विचारण्याचा नाही.

जोडीदार अंथरुणाला खिळला तर याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. पाळक घरी प्रभुभोजन घेऊन येतात तेव्हा सेवा करणाऱ्याने स्वयंपाकघरात चहाच्या तयारीला न लागता शेजारी बसून स्वतःही भाग घ्यावा. शुश्रूषा करणाऱ्याला आठवड्यातून एक सकाळ सुटी मिळाली पाहिजे. ती मंडळीतील कोणाकडून तरी मागून घ्यावी, आणि मागण्यात अपराध मानू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला कालची भेट आठवत नाही, पण लहानपणापासून म्हटलेली गीते पुष्कळदा बराच काळ टिकतात. तेव्हा त्याच्या आठवणींची परीक्षा घेऊ नये, त्याच्याबरोबर गीत म्हणावे.

कागदपत्रे आणि निरोपाची तयारी

शेवटचा विषय टाळला जातो, आणि तो टाळल्याने मागे राहणाऱ्याचे, बहुधा पत्नीचे, हाल होतात. ख्रिस्ती कुटुंबांना वारशाच्या बाबतीत १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. पतीने मृत्युपत्र केले नसेल आणि मुले असतील तर त्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग विधवेला आणि दोन तृतीयांश मुलांना जातो. पत्नी आधी गेली तर तिच्या मालमत्तेत पतीलाही तसाच हक्क आहे. म्हणजे ज्या घरात ती चाळीस वर्षे राहिली, ते पतीच्या एकट्याच्या नावावर असेल, तर त्याचा मोठा हिस्सा कायद्याने मुलांचा होतो. मुले चांगली असतात. पण सुना, जावई, कर्ज आणि बिल्डर यांचा भरवसा कोणी द्यावा? म्हणून दोघांनी मृत्युपत्र करावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याला मालमत्तेतले काही मिळणार आहे तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार असू नये, कारण तसे झाल्यास त्याला दिलेले दान रद्द ठरते. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घेणे हिताचे. बँकेतील नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे, हेही वकिलाकडून दोघांनी बरोबर बसून समजून घ्यावे.

त्याच दुपारी दुसरा कागद करावा. अंत्यविधीच्या उपासनेत कोणते गीत, कोणते स्तोत्र, दफनभूमीत आई-वडिलांच्या कबरीजवळ जागा हवी की कसे, अतिदक्षता विभागात किती दिवस, हे लिहून ठेवावे. काही वृद्ध स्त्रिया विचारतात की स्वर्गात आम्ही नवराबायको असू का. मार्काच्या बाराव्या अध्यायात येशूने पुनरुत्थानात लग्न नसते असे सांगितले आहे, आणि त्यांना ते वाचून वाईट वाटते. काही जणींना हायसे वाटते, तेही मी ऐकले आहे. लग्नाचे वचन मरणापर्यंतचे आहे आणि प्रीती कधी संपत नाही असे तोच नवा करार म्हणतो. या दोन्ही वाक्यांवर दोघांनी बसून बोलावे, पाळकांना विचारावे, आणि उत्तराची घाई करू नये.

हे दोन्ही कागद एका लिफाफ्यात घालून बायबलमध्ये ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. बायबलमध्ये त्यांच्या प्रती ठेवाव्यात. मूळ कागद कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून कपाटाची चावी कोठे आहे, लॉकर दोघांच्या नावावर आहे की नाही, हे दोघांनाही माहीत असल्याची खात्री करून घ्यावी आणि एका मुलाला फोन करून कळवावे.